कमलची हजेरी

आज जे झालं ते इथं लिहून मोकळी होते.

आज संध्याकाळी आमच्या अकोल्याच्या वसतिगृहात मी मुलींची हजेरी घेत होते. रुखसानाचं नाव घेतलं आणि मागून बारीक आवाजात 'हजर' आलं. आवाज तिच्या मैत्रिणीचा, पूजाचा होता.

"रुखसाना कुठं आहे?"

"घरी गेली मॅडम, कापूस वेचाले. मजूर भेटून नाई राहिले."

मी तिथूनच तिच्या घरी फोन लावला. "आधी पोरीले फोन द्या!" मी ओरडलेच.

शाळेत असताना अमरावतीच्या होस्टेलातून माझी मैत्रीण कमल अशीच वेचणीला गेली होती. मी रोज तिच्या आवाजात 'हजर' म्हणायचे, बाकीच्या तोंड दाबून हसायच्या. नवव्या दिवशी तिचे काका पेटी न्यायला आले. कमल दुसऱ्याच दिवशी वावरात साप चावून गेली होती. सात दिवस मी मेलेल्या पोरीची हजेरी देत होते.

"काय झालं मॅडम?" फोनवर रुखसानाच होती. मी तिला एकदा 'हजर' म्हणायला लावलं.

पूजाला काय शिक्षा देऊ, तुम्हीच सांगा. अजूनही कुठल्या यादीत कमल हे नाव आलं, की त्या मुलीच्या आधी माझे ओठ हलतात.