निळ्या दरवाजाचा पुरावा

"अगं, मी निळ्या दरवाजापाशी उभा आहे," मी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं.

"अहो, दरवाजा हिरवा आहे. त्याच्याकडे बघतच बोलतेय मी," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

मोरोक्कोतल्या फेज शहरात, जुन्या गावाच्या वेशीवर आमचं हे चाललं होतं. पुरावा म्हणून मी बोलता बोलताच दरवाजाचा फोटो काढला आणि तिला पाठवला. शेवटी शेजारचा पुदिन्याचा चहा विकणारा म्हातारा उठला, हाताला धरून मला कमानीखालून पलीकडे घेऊन गेला आणि त्याने वर बोट दाखवलं. तोच दरवाजा आतून हिरवागार होता.

दिसतो तेवढा तो जुना नाही. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रेंचांनी बांधला. खरी जुनी वेस बाजूलाच आहे, साधी आणि बुटकी. तिचे फोटो कोणी काढत नाही. पण नव्याने बांधतानाही कोणाला तरी सुचलं, की बाहेरून येणाऱ्याला शहराचा निळा रंग दिसावा आणि आत राहणाऱ्याला धर्माचा हिरवा. आपलाही पाहुण्यांसमोरचा आवाज वेगळा आणि स्वयंपाकघरातला वेगळा असतो. त्यातला खोटा कुठलाच नसतो.

परवा घरी तो पुराव्याचा फोटो मोठा करून पाहिला. निळ्या कमानीतून पलीकडे, अगदी माझ्या समोर, पिवळ्या ओढणीतली सुनंदा उभी होती. कानाला फोन, मान वर, नजर दरवाजावर.

मीही तेव्हा वरच बघत होतो.