पिवळ्यावर थांबायचं

माझी मुलगी कंपाउंड धनुष्य चालवते. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढायला सुरुवात केली की खांदा उखडेल असं वाटतं, आणि शेवटाला चाकं फिरली की वजन एकदम उतरतं. मग भिंगातून बघायचं, भिंगातला ठिपका लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यावर आणायचा आणि मनगटाला बांधलेल्या रिलीजचा, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या चापाचा, घोडा हळूच दाबायचा. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिला हे जमेनासं झालं.

ठिपका पिवळ्याच्या खाली येऊन अडकायचा. वर सरकायचाच नाही. आणि सरकला, की पिवळ्याला शिवताक्षणी तिचं बोट घोड्यावर आपटायचं, खांदा उडायचा आणि बाण पार बाहेरच्या निळ्या कड्यात जायचा. राज्याच्या संघाची निवड साताऱ्याला होणार होती आणि तिच्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. तिथं नाव आलं नाही तर धनुष्य पेटीत जाणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सांगलीच्या मैदानावर मी तिच्या मागं उभा राहायचो. मी व्यापारी माणूस. आधी बैलांचा, आता जुन्या ट्रॅक्टरचा. बैलाचा भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून होतो, भोवतीच्या माणसांना कळू नये म्हणून. समोरच्याची बोटं आपल्याला हव्या त्या आकड्यावर आली, की तिथंच मूठ आवळायची. अर्धा श्वास उशीर झाला तर तो बोट काढून घेतो. मला कुणी काही हातात दिलं नाही. जे केलं ते या एका मुठीवर केलं. म्हणून मी तिला मागून सांगायचो, "आला की घे." ठिपका आला की घे.

एके दिवशी तिनं धनुष्य स्टँडवर ठेवलं आणि मागं न बघताच म्हणाली, "आप्पा, मी औंधला काकांकडं जाते."

तिचा काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. सैन्यात होता, तिथंच धनुष्य शिकला, पुढं जवानांना शिकवलं. आता साताऱ्याकडच्या औंधजवळ आमच्या गावात असतो, घरामागच्या पडीक रानात गवताच्या गठ्ठ्यांची भिंत रचून चार पोरांना शिकवतो. त्याच्याशी मी चार वर्षं बोललो नव्हतो. आमचे आबा वारले तेव्हा मी अथणीच्या बाजारात होतो. त्याचा फोन आला. मी म्हणालो, निघालो, थांबा. तो व्हय म्हणाला. मी पोचलो तेव्हा दिवस अजून वर होता आणि लाकडं जळून खाली बसली होती. थोरला मुलगा वाटेत असताना अग्नी धाकट्यानं दिला होता. भावकीतल्या कुणी माझ्याकडं वर मान करून बघितलं नाही. दहाव्याला मी घाटावर गेलो, विधी केले, त्याच्याशी एक शब्द न बोलता परतलो.

तरी गेलो. पोरीला एकटीला कसं पाठवायचं, असं बायकोला सांगितलं.

भावानं आम्हाला चहा विचारला नाही. तिला धनुष्य उचलायला सांगितलं आणि बाजूनं बघत राहिला. मग तिची मूठ उघडून दाखवली. धनुष्याची मूठ आवळायची नसते, अंगठ्याच्या बुडाशी नुसती टेकवायची, बोटं सैल. आवळलं की धनुष्य पिळतं आणि बाण बाजूला जातो. तिची ओढही, म्हणजे दोरी मागं येण्याची लांबी, जास्त होती, त्यामुळं ती मागं रेलायची आणि ठिपका झुलायचा. चाकाची जागा बदलून त्यानं ओढ अर्धा इंच कमी केली. मग तिला विचारलं, ठिपका शिवला की घे, हे कुणी शिकवलं.

"बैलबाजार हाय व्हय ह्यो?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला.

ती पाणी प्यायला विहिरीकडं गेल्यावर त्यानं अटी सांगितल्या. निवड होईस्तोवर पोरगी इथं राहील. मी इथं यायचं नाही, फोनवर तिरंदाजीचं काही विचारायचं नाही, आणि साताऱ्याला मैदानात पाय टाकायचा नाही. "तुझा आवाज पाठीमागं नुसता हाय असं वाटलं तरी तिचं बोट उडतंय, दादा."

माझं डोकं फिरलं. माझी पोरगी, तिच्या धनुष्यासाठी बाजार बाजार हिंडलो मी, आणि हा मला गेटबाहेर काढणार. पण चिडलेल्या माणसाचा सौदा वाईट होतो. मी जरा थांबलो आणि म्हणालो, कबूल, पण बदल्यात मला एक पाहिजे.

"काय पायजे?"

"आबांना अग्नी देताना थांबला का न्हाईस, ते सांगायचं. खरं."

माझ्याकडं त्याच्या प्रत्येक सबबीला उत्तर तयार होतं. पाऊस येणार होता म्हणाला असता, तर त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. लोक घाई करत होते म्हणाला असता, तर मी त्या लोकांची नावं विचारली असती. चार वर्षं मी हीच तयारी केली होती.

"लोक थांबा म्हणत हुते," तो म्हणाला. "मीच थांबलो न्हाई. मी बॉर्डरवर, आणि गावात काय बी झालं की दादानं केलं, दादानं आणलं. आबा बी मरस्तोवर तुझंच नाव सांगत हुते. एक काम माझ्या हातनं व्हावं वाटलं. तू आला असतास तर ते बी तूच केलं असतंस."

"आणि आता माझी माफी मागतोस?"

"माफी कुठं मागितली? तू इचारलंस, मी सांगितलं."

खोटं बोलला असता तर मी त्याला जागेवर धरला असता. मी गाडीत बसलो, मुलीला हात केला आणि निघालो. मायणीच्या पुढं रस्त्याकडेला गाडी लावून मी स्टिअरिंगवर इतक्या जोरात हात आपटले की एका म्हाताऱ्यानं काचेवर टकटक करून बरं हाय का विचारलं. मी त्यालाही शिव्या दिल्या.

पुढचं मला बायकोकडून कळायचं. भावानं मुलीचं लक्ष्यच काढून घेतलं. हाताच्या अंतरावर उभं करून कोऱ्या गठ्ठ्यावर, डोळे मिटून बाण सोडायला लावले. आठवडेच्या आठवडे तेवढंच. तिचा रिलीजही बदलला. नव्याला घोडाच नव्हता. पाठीची हाडं एकमेकांकडं ओढत राहायचं, मग हातातला तो धातूचा तुकडा फिरतो आणि दोरी सुटते. कधी सुटेल ते मारणाऱ्यालाही कळत नाही, त्यामुळं ऐन वेळी आपटायला बोटापुढं काही उरत नाही. आणि ठिपक्याबद्दल तो म्हणाला म्हणे, की हलतो तर हलू दे, कुणाचाच थांबत नाही, तू पिवळ्यात बघत राहा आणि पाठ ओढत राहा. हे बायकोनं मला भाकरी थापता थापता सांगितलं. मी म्हणालो, एवढं तर कुणीही सांगेल.

निवडीच्या दिवशी मी साताऱ्याला गेलो. मैदानात पाय टाकायचा नाही, हे माझं बोलणं होतं. रस्त्याचं बोलणं झालं नव्हतं. मैदानाच्या भिंतीबाहेर गुलमोहराखाली गाडी लावून काचा खाली केल्या. आतलं काही दिसत नव्हतं. दोरी सुटल्याचा आणि बाण बसल्याचा आवाज तेवढा येत होता. आधी सगळ्यांचे बाण एकदम यायचे, मग शांतता, मग मागं राहिलेला एक. तो एक प्रत्येक वेळी इतका उशिरा यायचा की माझी मूठ आपोआप आवळायची. घे, घे, घे, असं मी तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. तो एक बाण तिचाच होता हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं, पण वाटत होतं.

ऊन कलल्यावर फोन वाजला.

"आप्पा, नाव आलं. शेवटून दुसरं, पण आलं."

मी विचारलं कसं मारलंस. ती भरभर सांगत सुटली. वारा होता, ठिपका पिवळ्यात नुसता भिरभिरत होता, पण ती घाबरली नाही. वेळ संपत आली तरी पाठ ओढत राहिली. तिचाच बाण सगळ्यांच्या शेवटी जायचा.

"खरं सांगू का, आप्पा? रागावू नका. तुम्ही नव्हता म्हणून झालं."

ती हसत होती. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी म्हणालो, बरं झालं मग, मी इथं सांगलीत यार्डातच आहे, ट्रॅक्टर बघायला गिऱ्हाईक आलंय. नेमकी त्याच वेळी मागून एसटी हॉर्न देत गेली. तिनं विचारलं नाही.

फोन ठेवला तोच मैदानाचं गेट उघडलं. आधी पोरं बाहेर आली, मग भाऊ, खांद्यावर तिच्या धनुष्याची पेटी. ती मागं मैत्रिणींबरोबर होती. गेटाबाहेर येऊन ती खाली वाकली आणि त्याच्या पायाला हात लावला. त्यानं तिला उठवलं. आणि उठवताना तिच्या डोक्यावरून त्याला माझी गाडी दिसली.

नंबर त्याला पाठ आहे. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. तो बोट दाखवेल, तिला हाक मारून सांगेल, बघ तुझा आप्पा शब्दाचा किती पक्का, असं मला वाटलं. त्याच्या जागी मी तेच केलं असतं. त्यानं तिच्या खांद्याला धरून तिचं तोंड एसटी स्टँडच्या रस्त्याकडं वळवलं आणि तिच्याशी काहीतरी बोलत चालू लागला. एकदाही मागं वळला नाही.

आजवर त्यानं तिला ते सांगितलेलं नाही. ती संघाच्या सरावाला गेली आहे, सुट्टीला आली की आधी औंधला उतरते. अग्नीचं मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण आता त्याचं हे गप्प राहणं माझ्याकडं उधारीसारखं पडून आहे, आणि त्यानं त्याच्या बदल्यात काही मागितलेलंच नाही.