ओकापीच्या कुंपणावरची सुपारी

दिल्लीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत उल्हास खांबेटे राहतो. स्वभावाने इतका गरीब, की लिफ्टमध्ये दुसऱ्याने याच्या पायावर पाय दिला तरी 'सॉरी' हाच म्हणतो. या माणसाने सात वर्षं एक सूड पोटात ठेवला आणि मग असा उगवला, की आठवलं तरी मला बिनसाखरेचा चहा गोड लागतो.

उल्हास जलमार्गांचं काम पाहणाऱ्या एका सरकारी कार्यालयात स्टेनो. राहायला तेव्हा लक्ष्मीबाई नगरात; आमच्या सोसायटीत आला तो पुढच्याच वर्षी. दहाबारा वर्षांपूर्वी साहेब लोकांची एक तुकडी बेल्जियम-हॉलंडचे कालवे बघायला निघाली. टिपणं घ्यायला कोणीतरी हवं, म्हणून उल्हासलाही नेलं. सरकारी खर्चाने एकटाच जाणार. बायको साधना म्हणाली, "पूजेला मी नसले तर माझ्या जागी सुपारी कमरेला लावून बसता ना? मग हीच घेऊन जा. जिथे जाल तिथे मला दाखवा."

सुपारीवर तिने कुंकवाचं बोट टेकवलं आणि रुमालात बांधून दिली.

गड्याने शब्द पाळला. गेंटच्या नदीकाठी कठड्यावर सुपारी, मागे उंच टोकदार घरं. ब्रुजच्या पुलावर सुपारी, खालून बोट चाललेली. पाणी चढवून बोटी वर उचलणारे ते मोठे दरवाजे, तिथेही सुपारी. एका रविवारी अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात गेला. तिथे ओकापी नावाचं जनावर. जिराफाचं भाऊबंद, पण मागचे पाय झेब्र्यासारखे पट्ट्यापट्ट्यांचे. फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं म्हणे. उल्हास तासभर उभा राहिला, पण ते काही तोंड दाखवेना. शेवटी त्याने कुंपणावर सुपारी ठेवली आणि पाठमोऱ्या ओकापीचाच फोटो काढला. असे बारा फोटो.

दोन वर्षांनी त्याच्या ऑफिसातले जयंत साहेब बायकोला, नीलावहिनींना, घेऊन युरोपला निघाले. "उल्हास, तुझे फोटो दे रे, काय काय बघायचं ते कळेल." याने पेन ड्राइव्ह दिला. साहेबांचा फोन अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यात पडला. फोटो एकही उरला नाही. आता आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळात दाखवायचं काय? साहेब त्याचे जुने सभासद. तर गणपतीत पडद्यावर उल्हासचेच बारा फोटो झळकले, आणि साहेब काठीने दाखवत होते, "हा मी काढला. हाही मीच."

साधना तिसऱ्या रांगेत बसली होती. पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःची सुपारी बघत. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मला तुम्ही नेलंत, आणि मिरवतायत ते. माझी सुपारी परत आणाल तेव्हाच मी मंडळात पाऊल टाकेन."

उल्हास काय करणार? त्याचा गोपनीय अहवाल साहेबच लिहायचे. तो साहेबांची टिपणं घेत राहिला. साधना मात्र खरंच गेली नाही, ना हळदीकुंकवाला, ना आरतीला. मधले सहा गणपती तिने घरातल्या खिडकीतून ऐकले.

ज्या दिवशी पेन्शनचा कागद हातात पडला, त्याच दिवशी उल्हास माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आता बघा." तोवर साहेबही निवृत्त होऊन आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत आले होते, आणि मंडळाचे अध्यक्षही झाले होते. उल्हास त्यांना नम्रपणे म्हणाला, "साहेब, यंदा तुमचे फोटो मोठे करून लावू या. पानिपतला कापडावर सुंदर छापून देतात."

"बिल्कुल लावू या," साहेब फुलले.

पहाटेची गाडी पकडून हा स्वतः पानिपतला गेला. आमच्या लोकांनी तिथे काय गमावलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. हा तिथून बारा तोफा घेऊन आला. एकेक कापड चार फूट बाय सहा. पडद्यावर जी सुपारी बोराएवढी दिसायची, ती आता नारळाएवढी झाली, कुंकवासकट. साहेबांनी उद्घाटनाआधी बघितलंच नाही. त्यांना फोटोतलं काही बघायची सवयच नव्हती.

त्या संध्याकाळी उल्हासने साधनाला हात धरून आणलं. साहेब ओकापीपाशी उभे. "हा फोटो काढायला मला तासभर लागला. नीला इथे, अशी माझ्या उजव्या हाताला उभी होती."

उल्हासने हात वर केला. "साहेब, वहिनी शेजारीच होत्या?"

"अरे यार, सांगतोय ना. बाराच्या बारा ठिकाणी होती."

"मग ही कुंकू लावलेली सुपारी कोणाची?"

बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. दिल्लीत वाढलेल्या एका नातीने आजीला विचारलं, "इसका क्या मतलब?" आजी मोठ्याने म्हणाली, "बायको जवळ नसली की तिच्या जागी सुपारी ठेवतात गं. या साहेबांची तर जवळ होती. मग ही दुसरी कोण?"

साहेबांनी घाम पुसला. "ते... फोटो छान यावा म्हणून ठेवली असेल."

"बारा वेळा?" नीलावहिनी उठल्या. आजवर या खोट्याला त्यांनीही मान डोलावली होती. "ऐका सगळे. फोटो आमचे नाहीत. उल्हासरावांचे आहेत, यांनी ढापले. यांना चोर म्हणा, खुशाल म्हणा. पण मला सवत नको."

साहेब खाली बसले ते आरतीलाही उठले नाहीत. मी टाळ वाजवत त्यांच्याकडे बघत होतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझं देवाकडे लक्ष नव्हतं.

साधना पुढे गेली. सात वर्षांनी तिने मंडळाच्या गणपतीला हळदकुंकू वाहिलं, मग बाराही कापडं काढून घडी घातली आणि घरी नेली. मला वाटलं, झालं, फिटलं. पण ती उल्हासच्याही वरची निघाली. तिची बाल्कनी साहेबांच्या बाल्कनीसमोर. तिथे तिने त्याच कापडांचे पडदे लावले. गेंट, ब्रुज, बोटी आळीपाळीने धुवायला जातात. ओकापी मात्र कधीच उतरत नाही. रोज सकाळी साहेब पेपर घेऊन बाहेर येतात, आणि समोर चार फूट बाय सहा, पट्ट्यापट्ट्यांची पाठ त्यांच्याकडे करून ते जनावर उभं असतं.