डॉक्टरच्या आवाजातली क्लिप

तुला सांगतो, पण हसू नको. नाहीतर हस — लोकांना हसवायचाच माझा धंदा आहे. फक्त ही एक गोष्ट आहे ना, ती आजवर माझ्या तोंडातून बाहेर आली नाय. तीन वर्षं झाली. आईला नाय माहीत, दोस्तांना नाय माहीत.

मी आवाज काढतो. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या कुठल्याही गावात विचार. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला आपला प्रोग्राम ठरलेला. सरपंच, कंडक्टर, कीर्तनकार — सगळे एका गळ्यात. हल्ली तर मी अंधश्रद्धेवर करतो. काविळीचा वैद्य हात धुवून पिवळं पाणी कसं दाखवतो, ते स्टेजवर करून दाखवतो — चुना आणि आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस, बस, एवढीच ती कावीळ! लोक टाळ्या वाजवतात. मास्तर शाल घालतात. बोलतात, पोरगा जागृती करतो.

जागृती! माझी!

मला खरंच राग येतो रे. सरकारी दवाखान्यात नुसतं पाणी टोचतात, हे कोणी काढलं? ताईत बांधला की ताप उतरतो, मग गोळी कशाला गिळता गुपचूप? आणि सगळ्यात वाईट ते कडुलिंबाचं. साप चावला की पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाय, गोड लागला तर चढलं. अरे, साप चावला पायाला, जीभ काय रिपोर्ट देणार? विष चढलेल्या माणसालापण पाला कडूच लागतो. आणि हे फक्त म्हातारे नाय बोलत. बँकेत नोकरीला असलेले, पोरांना इंग्लिश मीडियमला घातलेले लोकपण मोबाइलवर पुढे ढकलतात. वाचतो कोण? विचारतो कोण?

बघ, मी परत प्रोग्रामच करायला लागलो. लोकांवर चिडलो की बरं वाटतं — माझ्यावर यायला टाइम लागतो.

तर तेव्हा आमच्या आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टर आले होते, विदर्भातले. बोलणं एकदम वेगळं. 'काय होऊन राहिलं बाप्पा?' असं विचारायचे पेशंटला. मी पायाला खिळा लागला म्हणून गेलो, नि ऐकतच बसलो. बिचारे प्रत्येकाला तेच सांगायचे — साप चावला तर पाला-बिला खात बसू नका, थेट इकडे या, लस आहे आपल्याकडे. मी घरी येऊन आठ दिवस तो आवाज घोटला. कोणाला ऐकवला नाय. मला बघायचं होतं, लोक फसतात का.

भातकापणी सुरू झाली होती. मी मोबाइल तोंडाशी धरला आणि डॉक्टर झालो. 'हे पहा, साप चावला की आधी कडुलिंबाचा पाला चावून पाहा. कडू लागून राहिला तर विष नाही. घरीच राहा. उगाच इथं गर्दी करून नका राहू, लस संपून राहिली.' मधे त्यांच्यासारखा घसापण खाकरला. गावाच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं — डॉक्टरसाहेबांचं आलंय, ऐका.

संध्याकाळी सांगणार होतो, फसलात म्हणून. पण सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, पुढच्या गावांना पाठवलं. मला एवढा आनंद झाला — काय सांगू तुला — की सांगायचंच राहिलं. राहिलं नाय. मी ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी हिराकाकीला घोणस चावली. शेजारची आमची, बांधाला बांध. कापलेल्या भाताचा कवळा उचलला नि पायाला डसली. तिचे मालक, बाळूकाका, रिक्षा बोलवत होते, तर काकीच बोलली, "थांबा ओ, डॉक्टरच बोललाय ना, आधी पाला आणा." पाला आणला. कडू लागला. सगळ्यांनी देवाला हात जोडले. मी तिथेच उभा होतो. मला तिथेच बोलता आलं असतं — काकी, तो मी होतो, ऊठ, चल. दोन सेकंदांचं काम. नाय बोललो. सगळे मला काय बोलतील, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी हिरड्यांतून रक्त आलं, मग नेली. जीव वाचला. किडन्या नाय वाचल्या. आता आठवड्यातून दोनदा मशीनवर जाते.

आणि डॉक्टर? लोक केंद्रावर चालून गेले. शर्ट फाडला त्यांचा. ते सांगत होते, हा माझा आवाज नाही बाप्पा, मी असं बोललोच नाही. कोणी मानलं नाय. कसं मानणार? मी एवढा चांगला काढला होता. आणि पहिल्यांदा टाकलं कोणी, ते कोणी विचारलंच नाय — तोवर क्लिप दहा ग्रुपांतून फिरून आली होती. महिन्याभरात ते बदली घेऊन गेले. त्या गर्दीतपण मी होतो. मागे.

गेल्या आठवड्यात काकी मशीनवरून आली, ओट्यावर बसली होती. हाताला पट्टी. मला बघून बोलली, "ए नकल्या, ये इकडे. सगळ्यांचे आवाज काढतोस, त्या मेल्या डॉक्टरचा काढ ना रे. दोन शिव्या तरी घालू दे मला."

मी काढला. मुद्दाम बिघडवून काढला. जाडा केला, चुकीच्या जागी 'बाप्पा' टाकलं.

काकीने मान हलवली. "नाय रे. तुला नाय जमत त्याचा. तो लय गोड बोलायचा."

"नाय जमत गो काकी," मी बोललो.