पंपाची नळी

भातातलं तण मारायचं औषध तेव्हा आमच्या गव्हाण गावात नवं होतं. ते फवारल्यावर भात जगायचं आणि रुंद पानांचं तण तेवढं मरायचं, याचंच मला नवल वाटे. फवारणी झाल्यावर पंपाची टाकी मीच विहिरीपासून लांब नेऊन तीनदा धुतली, आणि तेवढ्यावर ऐटीत राहिले. हिवाळ्यात त्याच पंपाने वालावर मावा किडीचं औषध मारलं, तर पानं वाटीसारखी वळली. मी रबरी नळी हुंगून पाहिली. पावसाळ्यातल्या तणाच्या औषधाचा वास तिच्यात तसाच होता. मग धुण्याचा सोडा घालून नळी धुतली आणि शेवटचं पाणी करवंटीतल्या वालाच्या रोपावर ओतलं. चार दिवस पानं सरळ राहिली, तेव्हाच पंप शेतात नेला.

पुढे दर फवारणीआधी सासूबाई मला अडवत. “रोपाला इचारलंस का गो?”