समोरच्या दोरीवरचा फ्रॉक

समोरच्या इमारतीतल्या एका गॅलरीत रोज एकच फ्रॉक वाळत असायचा. एक दिवस पिवळा, एक दिवस निळा. जो दोरीवर नसेल तो घालून त्या घरातली पाच वर्षांची मुलगी खाली लंगडी खेळत असायची.

परवा माझ्या लेकीचं कपाट आवरताना बावीस फ्रॉक निघाले. तीन तर लेबल काढायच्या आतच तोकडे झालेले. एवढ्याशा पोरीला कपडे लागतात तरी किती? एक अंगावर, एक दोरीवर. समोर तर तेवढ्यात छान भागत होतं. तरी मला एकेक बाजूला काढताना जिवावर येत होतं. शेवटी पाच चांगले निवडले, इस्त्री केली आणि पिशवी घेऊन समोर गेले.

तिच्या आईनं हसून दार उघडलं. मी पिशवी पुढे केली आणि बोलून गेले, "दोनच दिसतात ना तिचे, म्हणून म्हटलं..."

तिनं मागे वळून आपल्या गॅलरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पुरतात हो तिला, ताई," एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पिशवी अजून आमच्या दाराशीच पडली आहे. मुलगी खाली तशीच खेळते, आज पिवळ्यात, उद्या निळ्यात. समोरची दोरी मात्र तेव्हापासून रिकामी आहे. फ्रॉक आता आतच कुठेतरी, पंख्याखाली वाळत असणार.

आणि बाहेर एवढं लख्ख ऊन असतं.