रेतीवाल्या चाचांचे फुटाणे

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही आणि जोडाक्षर आलं की पेन थांबतो. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी उद्या चुकून कोणाच्या हाती पडली तर आधीच माफी मागून ठेवते. माझ्या अक्षराला नावं न ठेवणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

रेतीवाले चाचा. त्यांच्या सदऱ्याला दोन्ही बाजूंना मोठे खिसे होते. सकाळी माळावर जाताना उजवा खिसा फुटाण्यांनी भरलेला असायचा. पाझर तलावावर पाखरं उतरली की चाचा दगडाआड बसून मोजायचे आणि दर दहा पाखरांमागे एक फुटाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचे. करकोचा मोठा, म्हणून त्याला शेंगदाणा, एकाला एक. परत आले की आमच्या ओट्यावर डावा खिसा रिकामा करायचे. मी मोजून वहीत लिहायची, मग ते सगळी मोजणी चावून खायचे. एकदा जरा लाजतच म्हणाले, "मास्तरीण, आज रस्त्यात भूक लागली. चार खाल्ले. चाळीस वाढवून लिही."

मला मास्तरीण म्हणणारे तेवढे एकटेच. घरात मी मोठ्यानं बोलत नाही, चारचौघांत तर नाहीच. पण त्या वहीपुरती मी मास्तरीण होते.

'रेतीवाले' हे नाव गावानं ठेवलं. चाचा जवानीत ट्रकवर क्लीनर म्हणून राजस्थानात गेले आणि तिकडेच वाळवंटात पाखरांसाठी राखून ठेवलेल्या रानात रोजंदारीवर राखणदार झाले. पस्तीस वर्षं राहिले. म्हातारपणी चाचीसाठी परत आले. नवीन तलाठी आला तेव्हा नाव ऐकून त्याला वाटलं, हा माणूस नदीतली रेती चोरून विकतो. त्यानं दरडावून विचारलं, "ट्रॅक्टर कुठंय तुमचा?" चाचा म्हणाले, "साब, माझी रेती तिकडंच राहिली. डोळ्यात थोडी आली असंल, पाहिजे तर काढून घ्या."

त्या रेतीच्या गोष्टी मी ओट्यावर बसून ऐकल्या. ते सांगायचे, "थंडीत तिकडं आभाळ भरून येतं बघ. कुठून कुठून येतात, गिनती न्हाई. अन् उन्हाळ्यात एक कावळा दिसला तरी सलाम करावा वाटतो." पखुर्डी नावाचं एक मातकट पाखरू असतं, तितरापेक्षा थोडं लहान. त्यातला नर पाण्यात पोट भिजवतो आणि त्या ओल्या पिसांतून दूरवरच्या पिलांना पाणी नेतो. हे सांगताना चाचा स्वतःच्या पोटावर हात फिरवायचे. मला खोटं वाटलं होतं. मग त्यांनी एका सकाळी मला आणि चाचीला माळावर नेऊन दाखवलं. आमच्या माळावर, जवळा बाजारच्या अलीकडं! पखुर्डी पाण्यात बसली, अंग हलवलं आणि उडाली. चाची म्हणाली, "इतकी अक्कल माणसात असती तर!" आणि चाचांकडे पाहिलं.

आमच्या माळाला गाव ओसाड म्हणतं. चाचांना ते चालायचं नाही. त्यांचं कॅलेंडर वेगळं होतं. दिवाळीनंतर ज्वारी निसवली की कणसांवर भोरड्यांचे थवे. पौषात करकोचे, त्यांना ते कुरजा म्हणायचे. होळीला कुरजा जातात, सगळ्या एकदम, एका दिवसात. चैत्रात पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खड्यासारखी, पाय पडला तरी कळू नये अशी. "आपला माळ म्हणजे त्या रानाचा धाकला भाऊ हाय," असं ते म्हणायचे.

त्या माळावर झाडं लावायचं ठरलं तेव्हा सगळं गाव खूश झालं. झाडं कोणाला नको असतात? एकटे चाचा घरोघर फिरले. "झाडावर कावळा बसतो. कावळ्याला वरून अंडं दिसतं. मग खाली काय राहील?" लोक हसायचे. शेवटी ते एसटीनं हिंगोलीला जाऊन वनखात्याच्या साहेबांना भेटले. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "पाडवा ते पाडवा, एक वर्ष रोज मोजून वही आणा. खाडा नको. मग इथं झाडं नकोत म्हणून मी वर लिहितो."

पाडव्याला वही सुरू झाली. चाचांनी पावसातही खाडा केला नाही. ताप असताना गोधडी पांघरून गेले. "खाडा नको, मास्तरीण," हे त्यांचं रोजचं वाक्य झालं.

संक्रांतीच्या आसपास तलावाच्या बांधावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. त्याच संध्याकाळी दवाखान्यातून आणून खाटेवर टाकल्यावर त्यांनी आधी मला बोलावलं. उजव्या खिशातले फुटाणे माझ्या पदरात ओतले. "आता तू जायचं. फुकट न्हाई. दिवसाला शंभर रुपये. चाची देईल." चाचीनं मान हलवली. पैसे तिच्याच बकऱ्यांचे होते.

दीड-दोन महिने मी इमानानं गेले. थंडीत पाण्यावरून वाफ उठायची आणि साठ-सत्तर करकोचे एका पायावर उभे असायचे. मी शेंगदाणे टाकत बसायची. माझ्या आयुष्यात एवढं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

मग दिराचं बोलणं सुरू झालं. "वयनी, माळावर सोनं सापडून राहिलं काय? रोज पहाटे पहाटे?" सासूनं भाकरी थापता थापता तेच विचारलं. होळीच्या तीन दिवस आधी मोटारसायकलवरून दोन जण आले, दगडाआड मला पाहून थांबले, मोबाईलवर फोटो काढला आणि हसत गेले. त्या दिवशी मी पळत घरी आले. फुटाणे वाटेत सांडले.

दुसऱ्या दिवशी गेले नाही. पण खाडा नको होता. मी चुलीजवळ बसून आदल्या दिवसाचा आकडा पाहिला आणि दोन कमी करून लिहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन वाढवून. असे अकरा दिवस. चाचा खाटेवरून विचारायचे, "किती?" आणि मी सांगायची. त्यांच्या तोंडावर आनंद दिसायचा. मजुरीही घेतली. ती घरात तेलामिठाला गेली.

बाराव्या दिवशी चाचीनं मला धरलं. "चेहरा असा काहून?" मी फक्त लोकांच्या बोलण्याचं सांगितलं. तिनं दावणीची एक बकरी सोडून दोर माझ्या हातात दिला. "ही ने. बकरीमागच्या बाईला कोणी काही विचारत न्हाई." इतकं सोपं होतं. मी बकरी घेऊन गेले. तलाव रिकामा होता. मला वाटलं, आजच गेले असतील. मी शून्य लिहिलं.

पाडव्याला वर्ष भरलं. साहेब आले, शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. चाचांना खाटेसकट उचलून आणलं होतं. नवा सदरा घातला होता त्यांनी. मी खांबामागे पदर ओढून उभी होते. साहेब बराच वेळ पानं चाळत होते. मधून मधून "वा" म्हणत होते. मग एका पानावर थांबले.

"चाचा, होळीनंतर आठ दिवस रोज साठ करकोचे लिहिलेत."

"व्हय?" चाचांचा आवाज बारीक झाला.

"धुळवडीला मी स्वतः या तलावावर येऊन गेलो. एकही करकोचा नव्हता."

होळीला जातात, एका दिवसात जातात, हे चाचांनी मला शंभरदा सांगितलं होतं. आणि मी चुलीजवळ बसून करकोच्यांना तलावावर उभं करून ठेवलं होतं. खाटेवरचे चाचा दिवस विसरले असतील. मला तर होळी पेटलेली दिसत होती.

साहेब म्हणाले, "ही पानं खोटी असतील तर बाकीची मी खरी कशी मानू? वर काय लिहू?"

चाचांनी मान वळवून खांबाकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाले, "साब, पोरीनं मी सांगितलं तेच लिहिलं. झूट माझं हाय."

"तुम्ही तर अंथरुणावर होता."

"अंथरुणावरूनच सांगितलं."

मागून कोणीतरी ओरडलं, "चाचा खाटेवरून पाखरं मोजून राहिले!" सगळे हसले. मला पुढे व्हायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. मी पदर आणखी पुढे ओढला. साहेबांनी वही मिटून खाटेवर ठेवली आणि गाडी गेली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन पायांशी बसले आणि सगळं सांगितलं. फोटोचं, चुलीचं, मजुरीचं. चाचा छताकडे पाहत होते. ते म्हणाले, "खाडा लिहायचा होता ना, पोरी. खाडा झाला तर खाडा. ते बी खरंच असतं."

"तुम्हीच म्हणायचात, खाडा नको."

"म्हणत होतो," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

त्या दिवसापासून त्यांनी मला मास्तरीण म्हटलं नाही. मी पैसे परत करीन म्हणाले, तर हात हलवून म्हणाले, "ते चाचीचे. तिला विचार." चाची दारात उभी होती. ती म्हणाली, "अकराशे." एवढंच.

वैशाखात यंत्र आलं. माळावर ओळीनं खड्डे पडले. चैत्रात घातलेली अंडी त्या मातीखाली गेली असतील, मी विचारायला कोणाकडे जाणार? रोपं लावली, त्यांना काट्यांची कुंपणं केली. त्यांवर कावळे बसले. मी रोज बकरी घेऊन जायची, मजुरीशिवाय. घरच्यांनी बोलायचं सोडून दिलं. खिशाऐवजी पदराला दोन गाठी बांधायची, एका गाठीत फुटाणे. दुसरी रिकामीच यायची.

चाचा विचारायचे, "पखुर्डी?"

"न्हाई, चाचा."

"एक बी?"

"एक बी न्हाई."

"लिही मग."

मी त्यांच्यासमोर बसून शून्य लिहायची. पेनाचा आवाज त्यांना ऐकू यावा म्हणून दाबून लिहायची. मला खोटं सांगावंसं वाटायचं, फार वाटायचं. एक पखुर्डी, एकच, पोट भिजवून उडाली, असं सांगितलं असतं तर तो माणूस एक दिवस सुखानं झोपला असता. पण माझ्या तोंडचं त्यांना आता कसं खरं वाटणार? म्हणून मी शून्यच लिहीत राहिले. पाऊस झाला, सोयाबीन निघालं, शून्यांची पानं भरत गेली. दसऱ्याच्या आधी एका दुपारी चाचा गेले. सकाळचं शून्य त्यांना सांगून झालं होतं. "लिही" म्हणाले नाहीत. नुसतं बोट हलवलं.

त्या वर्षी ज्वारीवर भोरड्या आल्या, थोड्या. भोरड्यांना माळ नसला तरी चालतो. करकोचे आले नाहीत. मी दोन्ही लिहिलं. अजूनही जाते. ज्या दिवशी घरात आजारपण असतं, त्या दिवशी 'खाडा' लिहिते.

वहीची शेवटची चार पानं उरली होती, त्यांवर हे लिहिलं. चाचीचे अकराशे मात्र एकदम जमले नाहीत. कापूस वेचणीच्या मजुरीतून कधी पन्नास, कधी शंभर असे नेऊन द्यायची. चाची घ्यायची, पदरात बांधायची, चहा विचारायची नाही. काल शेवटचे शंभर घेऊन गेले. ती बकरीला पाला घालत होती. तिनं हात पुसले, आतून जुन्या फडक्याची गाठ आणली, सोडली आणि पहिल्यापासून सगळ्या नोटा माझ्यासमोर मोजल्या. एकदा मोजून पुन्हा मोजल्या. मी उभी होते. मग तिनं नोटा घडी करून मुठीत धरल्या.

"बराबर हैं," ती म्हणाली, आणि बकरीकडे वळली.